गोड्या पाण्यातले एकसारखे दिसणारे मासे आणि त्यांचे संकर कसे ओळखायचे? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उजनीच्या फुगवट्यावर, हिप्परग्याच्या तलावावर, सीना-भीमेच्या डोहांवर गळ टाकणारे आणि सांगोला, पंढरपूर, माढ्याकडे शेततळ्यात मासे सोडणारे असे दोन्ही प्रकारचे लोक हे प्रश्न पाठवतात. बरेच प्रश्न फोटोसोबत येतात आणि खाली एकच ओळ असते, "हा नेमका कोणता?" त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे अवघड होत जातात. उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. मासा हातात आला की आधी कुठं बघायचं?

तोंडाकडे. तोंड वर वळलेलं आहे, सरळ समोर आहे की खाली झुकलेलं, एवढं पाहिलं तरी अर्धं काम होतं. मग मिशा: आहेत का, किती जोड्या, किती लांब. त्यानंतर पाठीवरचा पंख पूर्ण उघडून बघा. तो आखूड आहे की शेपटीपर्यंत गेलेला, पहिली काडी मऊ आहे की काट्यासारखी कडक. मग खवले. रंग सगळ्यात शेवटी.

रंगाला इतकं खाली ठेवण्याचं कारण साधं आहे. उजनीच्या हिरवट पाण्यातला रोहू आणि गढूळ शेततळ्यातला रोहू शेजारी ठेवले तर दोन वेगळे मासे वाटतात. एकच मासा विणीच्या हंगामात, घाबरल्यावर, बर्फात ठेवल्यावर वेगवेगळा दिसतो. तोंडाची ठेवण आणि मिशा अशा बदलत नाहीत.

२. कटला, रोहू आणि मृगळ यांच्यात फरक काय? बाजारात तिन्ही एकाच ढिगात असतात.

कटल्याचं डोकं मोठं आणि रुंद असतं, तोंड वरच्या बाजूला वळलेलं आणि खालचा ओठ जाड. मिशा नसतात. तो पाण्याच्या वरच्या थरात तरंगतं खाद्य खातो, म्हणून तोंड तसं. पाठीचा पंखही बाकीच्या दोघांपेक्षा भरदार असतो: फाटे फुटलेल्या काड्या साधारण १४ ते १६.

रोहूचं डोकं त्या मानाने लहान आणि तोंड किंचित खाली. ओळखीची खरी खूण म्हणजे ओठ. बोटाने खालचा ओठ हळूच ओढून बघा, कडेला झालर लागते. मिशांची एक बारीक जोडी असते, पण ती ओठाच्या घडीत लपलेली असते, त्यामुळे "रोहूला मिशाच नाहीत" असं पुष्कळ जण ठामपणे सांगतात. पाठीच्या पंखात फाटे फुटलेल्या काड्या १२-१३.

मृगळ अंगाने लांबट आणि चंदेरी, नाक बोथट. तोंड रुंद असतं, पण ओठ पातळ आणि बिनझालरीचे. खालचा ओठ तर जवळपास दिसतच नाही. मिशांची एक आखूड जोडी असते. काड्या रोहूइतक्याच.

घाईच्या वेळी एवढं धरा: तोंड वर तो कटला, ओठाला झालर तो रोहू, ओठ पातळ आणि अंग सडपातळ तो मृगळ.

३. खवले मोजून मासा ओळखता येतो म्हणतात. कसे मोजायचे?

कल्ल्याच्या झाकणामागून शेपटीच्या बुडापर्यंत अंगावर एक बारीक ठिपक्यांची रेष जाते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. त्या रेषेवरचे खवले एकेक करून मोजायचे. बारीक खवल्यांचा मासा असेल तर टाचणीच्या टोकाने मोजा, नाहीतर हमखास गल्लत होते.

आता याचा उपयोग कुठं होतो ते नीट लक्षात घ्या. कटला, रोहू, मृगळ या तिघांत ही मोजणी कामाची नाही, कारण तिघांनाही चाळीस ते पंचेचाळीसच्या आसपासच खवले असतात. सायप्रिनसला (कॉमन कार्प) ३५ ते ३९. महाशीरला फक्त २५ ते २७, पण खवला हा एवढा मोठा. चंदेऱ्याला (सिल्व्हर कार्प) शंभराच्या वर, बारीक बारीक. म्हणजे दूरच्या माशांत फरक करायला खवले, जवळच्या माशांत ओठ आणि मिशा.

४. भीमेतला रोहू-कटला गावठी आणि हॅचरीचा वेगळा, हे खरं का?

कटला, रोहू आणि मृगळ हे तिन्ही मुळात गंगेच्या खोऱ्यातले मासे. दख्खनच्या नद्यांत आणि धरणांत ते माणसाने सोडले. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. यशवंत सागरात, म्हणजे उजनीच्याच जलाशयात, आज जो कटला-रोहू मिळतो त्याच्या मुळाशी कधीतरी सोडलेलं मत्स्यबीजच आहे. "गावठी" आणि "हॅचरीचा" असा भेद बाजारात करतात तो बहुतेक वेळा आकाराचा आणि चवीचा असतो. मोकळ्या पाण्यात वाढलेला मासा घट्ट लागतो, तळ्यात खाद्यावर वाढलेला चरबट.

आपल्या पाण्याचे खरे मूळ रहिवासी वेगळे: कानस, तांबिर, महाशीर, मरळ, शिंगाळा, शिवडा, वाम. रोहूच्या किमतीमुळे त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं. ते ओळखता येणं मला कटला-रोहूच्या ओळखीपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

५. रोहूसारखाच पण काळा मासा मिळाला. हा संकर आहे का?

बहुतेक वेळा नाही. तो कानस (कालबासू) असतो. अंग काळपट, पंखही काळे आणि मुख्य म्हणजे मिशांच्या दोन जोड्या, त्याही काळ्या आणि ठसठशीत. रोहूची एक जोडी शोधावी लागते, कानसाच्या दोन्ही न शोधता दिसतात.

दुसरा फसवणारा भाऊ तांबिर. हाही रोहूच्या लेबिओ घराण्यातला, ओठाला झालर असलेला. पण पाठीचा पंख जास्त लांब (फाटे फुटलेल्या काड्या १५ ते १८), मिशांच्या दोन लहान जोड्या आणि पार्श्वरेषेवर खवले ४४ ते ४७. खवल्यांवर तांबूस झाक असते म्हणून लोक त्याला रोहूच समजून घेतात. पंखातल्या काड्या मोजल्या की संशय राहत नाही. घाटाघाटाला नावं बदलतात, तेव्हा नावावरून वाद न घालता खुणा बघा.

कानस आणि रोहूचा संकर होतो हेही खरं, पण मिशांच्या दोन जोड्या पूर्ण आणि काळ्या असतील तर त्याला निःशंक कानसच म्हणा.

६. सायप्रिनस आणि महाशीर दोघांनाही दोन जोड्या मिशा. गळाला लागल्यावर फरक कसा करायचा?

पाठीच्या पंखावरून. सायप्रिनसचा पंख पाठीच्या मध्यापासून जवळजवळ शेपटीपर्यंत लांब जातो आणि त्याचा पहिला काटा मागच्या बाजूने करवतीसारखा दातेरी असतो. काट्याच्या मागच्या कडेवरून नख फिरवलं की दाते कळतात. जाळ्यात तो काटा अडकतो तो त्या दात्यांमुळेच. महाशीरचा पंख आखूड, काटा दणकट पण गुळगुळीत. शिवाय खवल्यांचा फरक प्रश्न ३ मध्ये दिलाच आहे.

दख्खनच्या महाशीरची संख्या पुष्कळ ठिकाणी घटली आहे. लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटा पॉवरच्या केंद्रात त्याचं बीज तयार करून सोडण्याचं काम अनेक दशकं चाललं आहे. गळाला महाशीर लागलाच तर ओल्या हाताने धरा, फोटो घ्या आणि पाण्यात सोडा.

७. अंगावर चार-पाचच मोठे खवले असलेला सायप्रिनस मिळाला. हा कशाचा संकर?

कशाचाच नाही. सायप्रिनसमध्येच आरशासारख्या मोठ्या तुरळक खवल्यांची एक जात आहे (मिरर कार्प) आणि जवळपास बिनखवल्याची दुसरी (लेदर कार्प). दोन्ही माणसाने निवडून वाढवलेल्या. सायप्रिनस भारतात १९३९ साली आला, त्याचा दुसरा वाण १९५७ मध्ये बँकॉकहून.

सायप्रिनसचा खरा संकर दिसतो तो गोल्डफिशशी. गोल्डफिशला मिशा अजिबात नसतात, त्यामुळे संकराला मिशा एकच जोडी, फार आखूड किंवा एका बाजूलाच असं काहीतरी अर्धवट दिसतं. घरातले शोभेचे मासे तलावात सोडण्याची सवय आहे तिथं अशी शक्यता धरून चालावं.

८. चंदेरा, गवत्या आणि बिगहेड यांची ओळख सांगा.

गवत्या (ग्रास कार्प) लांबट, गोलसर अंगाचा, मोठ्या खवल्यांचा, मिशा नाहीत, पाठीचा पंख आखूड. लांबून तो मृगळासारखा वाटतो, पण मृगळाचा पंख बराच मोठा असतो. चंदेऱ्याचे खवले बारीक आणि डोळे इतके खाली की मासा उलटा धरलाय असं वाटावं. गवत्या आणि चंदेरा हे दोघे १९५९ साली भारतात आणले गेले.

चंदेरा आणि बिगहेडमध्ये फरक करायचा तर पोटाखालून हात फिरवा. चंदेऱ्याला गळ्यापासून गुदद्वारापर्यंत पोटाची धार लागते, बिगहेडला ती पोटाच्या पंखांपासून मागे गुदद्वारापर्यंतच लागते. शंका राहिली तर कल्ल्याचं झाकण उचला. चंदेऱ्याच्या कल्ल्यातली चाळणी एकमेकांत चिकटून स्पंजासारखी झालेली असते, बिगहेडची सुटी सुटी काड्यांसारखी असते. दोघांच्या संकरात या काड्या वाकड्या-तिकड्या, अर्धवट जुळलेल्या सापडतात. हा संकर इतका स्पष्ट दिसतो की ज्याला एकदा दाखवला तो पुन्हा विसरत नाही.

९. कटला-रोहूचा संकर ओळखायचा कसा? हॅचरीवाला म्हणतो "शुद्ध आहे", मला शंका येते.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

संकराचं अंग कटल्यासारखं रुंद आणि डोकं रोहूकडे झुकणारं लहान असतं. व्यापाऱ्याला हे आवडतं, कारण डोकं लहान म्हणजे मांस जास्त. तोंड ना पूर्ण वर ना खाली, जवळजवळ समोर. खालच्या ओठावर झालर असते पण पुसट, कुठं आहे कुठं नाही अशी. मिशा असल्या तर अगदी बारीक. पाठीच्या पंखातल्या काड्या कधी तेरा, कधी चौदा.

यातली एकच खूण मिळाली तर काही ठरवू नका. भरपूर खाद्यावर वाढलेला रोहूसुद्धा रुंद होतो. उपाशी राहिलेल्या कटल्याचं डोकं अंगाच्या मानाने आणखी मोठं दिसतं. पण रुंद अंग, पुसट झालर आणि समोरचं तोंड या तिन्ही खुणा एकाच माशात आल्या तर शंका रास्त आहे.

चौथी खूण कल्ल्यात असते आणि ती मला सगळ्यात भरवशाची वाटते. झाकण उचलून पहिल्या कमानीवरची चाळणी बघा. कटल्याची लांब, बारीक आणि दाट असते, कारण तो पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहूची आखूड असते. संकराची मधली. त्यासाठी एक खात्रीचा कटला आणि एक खात्रीचा रोहू शेजारी ठेवून तिघांचे कल्ले एकाच उजेडात बघावे लागतात. नुसत्या आठवणीवर हा फरक पकडता येत नाही.

एवढं करूनही डोळ्यांनी मिळते ती शंकाच. खात्री कशी करायची ते प्रश्न १९ मध्ये.

१०. हे संकर होतातच कसे? नदीत वेगळ्या जातीचे मासे एकत्र येत नाहीत ना?

नदीत क्वचित. पूर येतो तेव्हा सगळे एकाच उथळ पाण्यात अंडी घालायला चढतात, तिथं थोडंफार होऊ शकतं. खरी खाण म्हणजे हॅचरी.

हे मासे साठलेल्या पाण्यात आपणहून वीत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्पकडून (कटला-रोहूच्या जातकुळीतल्या माशांकडून) बीज मिळवलं. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलैला राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन पाळतात. त्यामुळे बीज सगळीकडे मिळू लागलं, पण त्याबरोबर एक अडचणही आली. एकाच टाकीत दोन-तीन जातींचे नर-मादी सोडले, की कोणाची अंडी कोणाच्या शुक्राने फळतील यावर ताबा राहत नाही. कटल्याचे नर कमी पडले म्हणून रोहूचे नर वापरले जातात असंही होतं.

आणि हे संकर सहज जमतात, कारण हे मासे एकमेकांच्या फार जवळचे आहेत. कटल्यालाही आता लेबिओ घराण्यातच धरतात. रोहू, कटला, मृगळ, कानस चौघांचीही गुणसूत्रं ५०.

११. संकराला पुढे पिल्लं होतात का? खेचरासारखा वांझ असतो ना?

इथंच मोठा गैरसमज आहे. रोहू, कटला, मृगळ, कानस यांच्या आपापसातल्या संकरांना पिल्लं होतात. ते पुन्हा रोहूशी किंवा कटल्याशी जुळतात आणि दोन-तीन पिढ्यांत असा मासा तयार होतो जो दिसायला अगदी रोहू, पण आत कटल्याचा अंश घेऊन वावरतो. तोंड, मिशा, कल्ले यातलं काहीच मग तुम्हाला सांगत नाही. मुद्दाम केलेल्या पहिल्या संकरापेक्षा मला या नकळत झालेल्या मिसळणीची काळजी जास्त वाटते, कारण हॅचरीवाला पुढचे जनक मासे यातूनच निवडतो.

सायप्रिनसची गुणसूत्रं सुमारे १०० असतात, म्हणजे जवळजवळ दुप्पट. त्याचा आणि भारतीय कार्पचा संकर वांझ निघतो. "संकर वांझ असतो" हे वाक्य तेवढ्यापुरतं खरं.

१२. जयंती रोहू, अमूर कार्प, गिफ्ट चिलापी हे संकरित आहेत ना?

नाही. तिन्हींच्या नावाने बाजारात हाच घोळ चालतो.

जयंती रोहू भुवनेश्वरच्या केंद्रीय गोडे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने नॉर्वेच्या मदतीने तयार केला. वेगवेगळ्या नद्यांतले रोहू गोळा करून पिढ्यान् पिढ्या वाढीला चांगले तेवढे निवडत गेले. १९९७ मध्ये तो दिला गेला. तो पूर्णपणे रोहूच आहे, दिसतोही रोहूच. त्यामुळे "जयंती आहे म्हणून तोंड जरा वेगळं दिसतं" असं कोणी म्हणालं तर ते पटवून घेऊ नका.

अमूर हा हंगेरीहून आलेला सायप्रिनसचाच वाण. गिफ्ट ही निवडीने सुधारलेली नाईल चिलापी. फक्त नर असलेली चिलापी म्हणून जे बीज विकतात तेही संकर असेलच असं नाही. पिल्लं लहान असताना खाद्यातून संप्रेरक देऊन सगळे नर केले जातात.

१३. बोटुकली घेताना कटला-रोहू-मृगळ कसे ओळखू? इतक्या लहान पिल्लाचे ओठ दिसत नाहीत.

पिल्लं पांढऱ्या वाटीत किंवा घमेल्यात घ्या आणि वरून नाही, बाजूने बघा. कटल्याचं डोकं लहानपणापासूनच मोठं दिसतं आणि शेपटीच्या बुडाशी ठिपका नसतो. मृगळाच्या शेपटीच्या बुडाशी चौकटच्या पत्त्यासारखा काळा ठिपका असतो आणि अंग काटकुळं. रोहू या दोघांच्या मध्ये.

जिरे किंवा अर्धबोटुकलीच्या वयात संकर ओळखायचा नाद सोडा. पिशवी हातात घेऊन "यात संकर नाहीत" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा हॅचरीत जनक मासे जातवार वेगळ्या तळ्यात ठेवलेत का, हे डोळ्यांनी बघून यावं.

१४. चिलापीत दोन प्रकार असतात का? उजनीची चिलापी कोणती?

भारतात आधी आली ती मोझांबिकची चिलापी, १९५२ साली. नाईलची नंतर आली. शेपटीचा पंख उघडून उजेडासमोर धरा. नाईलच्या शेपटीवर उभ्या काळ्या रेघा ओळीने असतात, मोझांबिकच्या शेपटीवर नसतात. मोझांबिकचा वयात आलेला नर काळाभोर होतो, गळा पांढरट आणि पंखांच्या कडा लालसर राहतात, जबडा मोठा होतो. नाईलच्या नराच्या गळ्यावर, अंगावर गुलाबी लाली चढते.

दोन्ही एकमेकींशी सहज जुळतात. दोघींच्या माद्या अंडी तोंडात सांभाळतात. शेपटीवर रेघा आहेत पण तुटक, काही भागातच, आणि नराचं तोंड मोझांबिकसारखं मोठं, असा मासा दिसला तर संकराचीच शक्यता. बाजारात येणारी लाल चिलापीसुद्धा अशाच संकरातून आलेली आहे. तेव्हा भिगवणच्या बाजारातला एखादा ढीग बघून "उजनीची चिलापी अमुकच" असं सरसकट सांगू नये. मासा मासा बघून सांगावं.

१५. मरळ एकच असते की वेगवेगळ्या?

वेगवेगळ्या, आणि गळवाल्यांनी तरी त्या एकीच्या नावाखाली घालू नयेत. मोठी मरळ (चन्ना मारुलियस) मीटरभराच्या पुढे वाढते. अंगावर पाच-सहा मोठे काळे डाग आणि मोत्यासारखे पांढरे ठिपके. शेपटीच्या बुडाशी वरच्या बाजूला नारिंगी कडेचा काळा डोळा असतो, म्हाताऱ्या माशात तो पुसट होतो. पाठीच्या पंखात काड्या ४५ च्या वर, पार्श्वरेषेवर खवले ६० च्या वर.

पट्ट्यांची मरळ (चन्ना स्ट्रायटा) आकाराने मध्यम, अंगावर तिरके पट्टे, शेपटीवर डोळा नाही, खवले पन्नाशीत. ठिपक्यांची लहान मरळ (चन्ना पंक्टाटा) ओढ्या-नाल्यांत सापडते, तिचे खवले चाळिशीच्या आत.

मरळीच्या नारिंगी पिल्लांचा थवा आणि त्याखाली फिरणारी आई-बाप जोडी दिसली की गळ टाकू नका. जोडी गेली की सगळा थवा दुसऱ्या माशांच्या तोंडी जातो.

१६. शिंगाळा, शिवडा आणि पंगस यात गल्लत होते.

पाठीच्या पंखामागे, शेपटीजवळ एक लहानसा मांसल पंख असतो का बघा. शिवड्याला तो नसतो. शिंगाळ्याला आणि पंगसला असतो, आणि शिंगाळ्याच्या त्या मांसल पंखावर काळा डाग असतो.

शिवडा तोंडावरून लगेच कळतो: जबडा डोळ्याच्याही मागे फाकलेला, पाठीवर एवढासा पंख, आणि पोटाखालचा पंख इतका लांब की अर्धा मासा व्यापून टाकतो. पंगसचं तोंड लहान.

शिंगाळ्यातही दोन जाती. एकाच्या मिशा शेपटीपर्यंत पोचतात, तो आओर. दुसऱ्याच्या मिशा निम्म्या अंगापर्यंतच आणि नाक फावड्यासारखं चपटं, तो सिंघाला. दोघांचे छातीचे आणि पाठीचे काटे जखम करतात, तेव्हा मिशा मोजायच्या आधी मासा ओल्या पोत्यात धरा.

१७. मांगूर देशी की थाई, कसं ओळखायचं?

देशी मांगूर लहानखुरा, अर्ध्या किलोच्या पुढे फारसा जात नाही. अंग एकरंगी तपकिरी किंवा काळपट. थाई म्हणतात तो मूळचा आफ्रिकेतला मासा, किलोच्या किलो वाढतो. डोकं मोठं आणि चपटं, अंगावर संगमरवरासारखे ठिपके आणि पोट पांढरट. लहान पिल्लांत मात्र गोंधळ होतो आणि दोघांचा संकरही पैदाशीत होतो. दोन किलोचा "देशी मांगूर" कोणी विकत असेल तर तो देशी नाही.

थाई मांगूर पाळायला आणि विकायला भारतात बंदी आहे. तो बाकीचे मासे, पिल्लं, काहीही खातो. गळाला लागला तर पुन्हा पाण्यात सोडू नका.

मांगूर आणि शिंगी यांत फरक सोपा: मांगुराचा पाठीचा पंख लांबलचक, शिंगीचा इवलासा. शिंगीचा काटा विषारी असतो. टोचला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा.

१८. माशाला एकच मिशी आहे, तोंड वाकडं आहे. संकर असणार ना?

घाई करू नका. गळातून सुटताना ओठ फाटतो आणि भरून येताना वाकडा होतो. मिशी दुसऱ्या माशाने तोडलेली असते. पाठीत कुबड असलेला कटला गर्दीच्या तळ्यात दिसतो, तो बहुतेक वेळा वाढीतला दोष. साधा नियम असा: दोष बहुधा एका बाजूला किंवा एकाच जागी असतो, संकराच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आणि अनेक जागी असतात. प्रश्न ७ मधला गोल्डफिशचा संकर तेवढा या नियमाला अपवाद, कारण त्याच्या मिशा खरंच दोन बाजूंना वेगळ्या निघू शकतात.

१९. फोटोवरून सांगाल का? आणि पक्की खात्री कुठं होते?

फोटोवरून जात बहुतेक वेळा सांगता येते, संकर नाही. फोटो पाठवायचेच तर हे चार पाठवा: पूर्ण मासा आडवा ठेवून डावीकडून, तोंड बाजूने जवळून, पाठीचा पंख बोटांनी पसरून, आणि झाकण उचलून कल्ल्याची पहिली कमान. मासा पोटाशी धरून काढलेला फोटो कितीही छान आला तरी त्यातून ओळख पटत नाही. सावलीत काढा, उन्हात खवल्यांच्या चमकेने सगळं धुऊन निघतं.

पक्की खात्री डीएनए तपासणीनेच. पंखाचा नखाएवढा तुकडा कापून लगेच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचा, मासा जिवंत सोडता येतो. लखनौचं राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो आणि मुंबईतली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था या विषयात काम करतात. गळवाल्याला याची गरज नाही. जनक मासे पाळणाऱ्या हॅचरीने मात्र निदान संशयास्पद माशांची तपासणी करून घ्यायलाच हवी.

२०. संकर मासा खायला चालतो का?

चालतो. त्याने काही अपाय होत नाही.

२१. मग शेततळ्यात संकर मुद्दाम सोडले तर बिघडलं कुठं? वाढतात तर चांगले.

कटला-रोहू संकर रोहूपेक्षा वेगाने वाढतो हे खरं, पण चांगल्या कटल्यापेक्षा जास्त नाही. चारही बाजूंनी बंद, प्लास्टिक अंथरलेलं, दरवर्षी पूर्ण उपसलं जाणारं शेततळं असेल आणि सगळा मासा विकला जाणार असेल तर नुकसान तुमचं नाही, कोणाचंच नाही.

पण सोलापुरात पाऊस येतो तो एकदम येतो. ओढ्याकाठचं तळं एका रात्रीत भरून वाहतं, मासा ओढ्यात जातो, ओढ्यातून सीनेत, सीनेतून भीमेत. तिथून त्याला परत आणता येत नाही. तळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी लावलेली नसेल तर संकर सोडू नका. उरलेली पिल्लं "पुण्य म्हणून" हिप्परग्यात किंवा चंद्रभागेत नेऊन सोडण्याचा प्रकार तर पूर्ण बंद करा, मग ती पिल्लं संकर असोत वा नसोत. ती शेजारच्या शेततळेवाल्याला द्या, तो आनंदाने घेईल.